भुरक्याला परवानगी

कर्वेनगरात जपान पहिल्यांदा आलं ते पोस्टानं. 1915 च्या सुमाराला कुणा सद्गृहस्थानं टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्व्यांना पाठवून दिली. तेव्हा हे कर्वेनगर नव्हतं, हिंगणं होतं. माळ होता, आश्रम होता आणि पुण्याहून चिखल तुडवत पायी येण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली असे गणिताचे एक प्राध्यापक होते. सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना अण्णांनी ती पुस्तिका नीट वाचली आणि 1916 मध्ये हिंगण्यात भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. आपल्याकडे पोस्टानं आलेली माहितीपत्रकं थेट रद्दीच्या गठ्ठ्यात जातात, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच जागी जपान पुन्हा आलं, ते वाडग्यातून.

मधल्या काळात अगदीच काही झालं नाही असं नाही. 1929-30 च्या जगप्रवासात अण्णा टोकियोला जाऊन ते विद्यापीठ प्रत्यक्ष बघून आले. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्यानं दांडेकर पुलाकडे निघालं की पु. ल. देशपांडे उद्यान लागतं. ते ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. ‘पूर्वरंग’मध्ये जपानवर लिहिणाऱ्या माणसाचं नाव जपानी बागेला, हा योग पुण्यात क्वचितच जुळून येतो. एरवी आपल्याकडे नाव कुणाचं आणि बाग कशाची यांचा संबंध असेलच असं नाही. शिवाय पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि गल्लोगल्लीचे क्लासेस. आमच्या सोसायटीत जुलै आणि डिसेंबर हे महिने ‘एन-फोर’, ‘एन-थ्री’च्या परीक्षांचे म्हणून ओळखले जातात. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत रंग, उंची आणि पत्रिकेनंतर ‘जपानी एन-टू’ असं लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तर आमच्या कन्येची एन-फोर निघाली. त्याबद्दलची पार्टी म्हणून नाना, आई, ही, कन्या आणि मी असे पाच जण कर्वेनगरातल्या रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सच्या, हॉटेलात गेलो. तिथे पूर्वी पिठाची गिरणी होती. गिरणी गेली, पण मैदा राहिला, असं नाना म्हणाले.

आत शिरताच चार जण एका दमात ओरडले, ‘‘इराश्शाइमासे!’’ नाना दचकून दोन पावलं मागे सरले. पुण्यातल्या दुकानात शिरल्यावर मालकानं पेपरातून मान वर केली तरी गिऱ्हाइकाला भरून येतं. इथे तर सामूहिक स्वागत. ‘‘काय झालं? बंद झालंय का?’’ असं नानांनी विचारलं. कन्येनं त्यांना ‘या, या’ म्हणतायत ते, असं समजावलं आणि ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाशी तीन महिने पाठ केलेलं एक लांबलचक, आदरार्थी जपानी वाक्य बोलली. शेवटी कमरेत वाकलीही. मुलगा गोंधळला. म्हणाला, ‘‘ताई, मी दार्जिलिंगचा आहे. मराठीत सांगितलं तरी चालेल.’’

मराठी त्याची उत्तम होती. माझ्या पुतण्याहून चांगली. पण आम्ही सगळे त्याच्याशी हिंदीतच बोलत राहिलो आणि तो मराठीत उत्तरं देत राहिला. समोरचा माणूस मराठी बोलायला लागला की आपण हिंदीवर जातो, ही आपली जुनी शिष्टाई आहे.

मेन्यूकार्ड हे पुण्यात वाचायचं नसतं, उलटतपासणीला घ्यायचं असतं. रामेनच्या बाबतीत या तपासणीला फार वाव आहे, कारण मूळ पदार्थात शाकाहारी म्हणावं असं जवळपास काही नाही. तोन्कोत्सू म्हणजे डुकराची हाडं बारा-बारा तास उकळून केलेला दुधासारखा पांढरा रस्सा. साधा वाटणारा ‘दाशी’ घ्यावा तर त्यात बहुतेकदा वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस. म्हणून इथल्या आचाऱ्यानं वेगळी चूल मांडली होती. शिताके मशरूम, कोंबू आणि सोयाबीनचं मिसो असा निर्मळ रस्सा, आणि मेन्यूत त्याच्यापुढे हिरवा ठिपका.

‘‘कोंबू म्हणजे?’’ आईनं विचारलं. कोंबडीच्या इतक्या जवळचं नाव तिला सोसवेना.

‘‘समुद्रातलं गवत असतं आजी.’’

‘‘समुद्रातलं ते शाकाहारी कसं?’’

‘‘मीठही समुद्रातलंच असतं,’’ नाना मेन्यूतून मान वर न काढता म्हणाले. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात नानांनी बहुतेक वाद असेच जिंकलेत आणि त्याचा उपयोग कधीच झालेला नाही. आईनं ग्योझा, म्हणजे जपानी मोमो, मागवले. त्यात कोबी आहे हे तिनं दोनदा वदवून घेतलं.

शेजारच्या टेबलावर याहून कठीण प्रकरण चालू होतं. कांदा-लसणाशिवाय, मशरूमशिवाय, तिखट, पण पोटाला हलकं असं रामेन हवं होतं. दार्जिलिंगचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘काकू, तुम्हाला गरम पाणी आणि नूडल्स देतो.’’ त्यावर काकू ‘‘चालेल, वर शेजवान चटणी घाल,’’ म्हणाल्या. गेल्या तीसेक वर्षांत गाडीवरच्या चायनीजनं आपल्या जिभेचं जे शिक्षण केलंय ते कुठल्याही विद्यापीठाला जमलं नसतं. कोंबूच्या दाशीत जी चव लागते तिला ‘उमामी’ म्हणतात. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ती शोधून काढली आणि पुढच्याच वर्षी तिची पांढरी पूड अजिनोमोटो या नावानं बाजारात आली. म्हणजे प्राध्यापकांचं संशोधन दूरदूरचा प्रवास करून शेवटी आपल्या चौकातल्या गाडीवरच्या ट्रिपल शेजवानात येऊन पडलं. इतकं लोकाभिमुख संशोधन आमच्या विद्यापीठात मला तरी आठवत नाही.

ग्योझा आले. एका ओळीत चिकटून बसलेले सहा, वर पारदर्शक, खाली तांबूस खरपूस. तव्यावर तेलात आधी बूड भाजायचं, मग पाणी मारून झाकण ठेवायचं, वाफेवर वरचा भाग शिजवायचा, आणि पाणी आटलं की पुन्हा खालून कुरकुरीत करायचं. ही सगळी कृती आईनं एका ग्योझाकडे बघून कुणालाही न विचारता सांगितली. मग तिनं चष्मा पुसून तो ग्योझा बशीत फिरवून सगळ्या बाजूंनी तपासला.

‘‘सात कळ्या,’’ ती म्हणाली.

आम्ही सगळे गप्प. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मोदकांची स्पर्धा असते. तिथे एकवीस कळ्यांच्या खाली प्रवेशसुद्धा मिळत नाही आणि गेली कित्येक वर्षं परीक्षक आई आहे. त्यात हे ग्योझे एकाच बाजूनं चुण्या घातलेले, दुसरी बाजू कोरी. ‘‘अर्धंच काम केलंय,’’ तिचा निकाल. ‘‘आणि सहा का? पाच माणसं दिसत नाहीत का त्याला?’’ हा सहावा ग्योझा पुढची दहा मिनिटं बशीत एकटा पडून होता. तू घे, नको तू घे, मला झालं, असं करत तो थंड झाला आणि शेवटी तो मी खाल्ला. मराठी घरात शेवटचा तुकडा ही वस्तू नसते, ती जबाबदारी असते.

जपानात या ग्योझांवरून गावागावांत चुरस असते. उत्सुनोमिया आणि हामामात्सू ही दोन शहरं, कुठल्या गावच्या घरांमध्ये ग्योझांवर वर्षाला जास्त पैसा खर्च होतो याचे सरकारी पाहणीतले आकडे वर्तमानपत्रात वाचतात आणि हरलं ते गाव हळहळतं. मूळ पदार्थ चीनचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर मांचुरियातून परतलेल्या सैनिकांनी तो घरी आणला. रामेनही मुळात चिनी. 1910 मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे हॉटेल निघालं. मालक जपानी आणि आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतले. तिथून ते जपानी झालं. कर्वेनगरात ते दार्जिलिंगच्या हातून आलं हे मग परंपरेला धरूनच आहे.

1958 या सालाबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. त्या वर्षी अण्णासाहेब कर्व्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली आणि भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी ओसाकाजवळ मोमोफुकू आन्दो नावाच्या एका धडपड्या माणसानं घरामागच्या शेडमध्ये खटपट करून, नूडल्स तेलात तळून वाळवल्या आणि ‘चिकन रामेन’ नावानं पाकिटात घालून विकायला काढल्या. झटपट नूडल्सचा हा पहिला अवतार. युक्ती त्याला बायको तळण तळत होती ते बघून सुचली असं सांगतात. आमच्याकडे बायको तळत असताना बघत उभं राहिलं तर वेगळं काहीतरी ऐकायला मिळतं. आन्दो शहाण्णव वर्षं जगले आणि रोज रामेन खातो म्हणत. अण्णा एकशेचार वर्षं जगले आणि त्यांनी हिंगण्याला चालत जाण्यापलीकडे काही पथ्य केल्याचं ऐकिवात नाही. आकडे समोर आहेत, ज्यानं त्यानं ठरवावं.

आन्दोंच्या त्या पाकिटाचं नातलग 1983 मध्ये मॅगीच्या रूपानं आपल्याकडे आलं आणि आमच्या पिढीला नूडल्स कशा खायच्या ते शिकवून गेलं. म्हणजे काट्याला गुंडाळून, तोंड मिटून, आवाज न करता. या शेवटच्या अटीपाशी सगळा घोटाळा आहे.

दार्जिलिंगच्या मुलानं वाडगी मांडली. वाडगं म्हणजे केवढं, तर लहान मुलाला आंघोळ घालता येईल एवढं. वर अर्धं अंडं, बांबूचे कोंब, कांद्याची पात, आणि काठाला टेकवून उभा केलेला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा चौकोन, बस पासासारखा. चॉपस्टिक्सवर मी काही लिहिणार नाही. त्या विषयावर आजवर पुष्कळ विनोद होऊन गेलेत, आणि इथे प्रत्येक टेबलावर काटे ठेवलेलेच असतात.

‘‘काका,’’ मुलगा मला म्हणाला, ‘‘लगेच खा. थांबलात तर नूडल्स फुगतात. आणि आवाज करून ओढा. जपानमध्ये तसंच खातात.’’

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रामेनच्या कणकेत कान्सुई नावाचं खारं पाणी घालतात, आपल्या पापडखाराच्या जातीतलं. त्यानं नूडल्सना पिवळसर रंग आणि ताण येतो. पण उकळत्या रश्शात तो ताण दहा मिनिटंही टिकत नाही. म्हणून ते भराभर खायचं, आणि भराभर खायचं तर तोंड पोळू नये म्हणून नूडल्सबरोबर हवा ओढायची. हवा आत गेली की रश्शाचा वासही नाकाच्या मागच्या दारानं वर चढतो. म्हणजे तो आवाज हा खाण्याचा दोष नाही, खाण्याचं तंत्र आहे. जपानात कित्येक रामेनच्या दुकानांत दारातल्या यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, ती द्यायची, शेजाऱ्याशी न बोलता ओढायचं आणि उठायचं. एका दुकानसाखळीनं तर माणसा-माणसांमध्ये फळ्या ठोकून दिल्यात. आगाऊ पैसे, गप्पा बंद, खाल्लं की बाहेर. ही पद्धत सदाशिव पेठेत निघाली नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

कर्वेनगरात मात्र उलट. पुण्यातला माणूस हॉटेलात खायला जात नाही, बसायला जातो. कोपऱ्यातल्या टेबलावर इंजिनिअरिंगच्या पाच मुली होत्या. त्यांनी आधी वाडग्यांचे फोटो काढले, मग वाडग्यांसह स्वतःचे, मग वाफ दिसत नाही म्हणून पुन्हा. त्यातली एक नूडल्स उंच उचलून धरायची, दुसरी शूट करायची, आणि त्या नूडल्स तितक्याच हळुवार परत रश्शात सोडल्या जायच्या. पंधरा मिनिटांनी त्यांच्या वाडग्यात रस्सा असा उरलाच नाही. सगळा नूडल्सनी पिऊन टाकला होता.

आणि आवाज? शून्य. अख्खं हॉटेल भरलेलं, प्रत्येकापुढे वाफाळतं वाडगं, आणि फक्त एसीची घरघर. सगळे काट्याला गुंडाळून, फुंकर घालून, ओठांच्या चिमटीत एकेक नूडल अडकवून हळूच आत घेत होते. माझंही तेच. ओढायला गेलो की घशाशी कुणीतरी हात धरायचं.

तो हात कुणाचा ते मला ठाऊक आहे. आमच्या पिढीला लहानपणी दोन शिक्षा पाठ होत्या. पाढे चुकले की छडी, आणि जेवताना आवाज आला की वटारलेले डोळे. आधीच्या पिढीत हे नव्हतं. पंगतीत कढी वाढली की भुरक्यांची अशी लाट उठायची की मांडवाबाहेरच्या माणसालाही कळावं, कढी उतरली. मठ्ठा, बासुंदी, आमटी-भात, सगळ्याला भुरका हीच पावती होती. यजमान कान देऊन ऐकायचे. मग पाट गेले, टेबलं आली. चमचे आले, इंग्लिश मीडियम आलं, आणि भुरका कपबशीच्या बशीबरोबर माळ्यावर गेला.

गेला नाही तो फक्त नानांचा. नाना आजही आमटी वाटीनं पितात आणि त्यांचा भुरका स्वयंपाकघरातून निघून गॅलरीपर्यंत जातो. ही नाशिकची, एकत्र कुटुंबातली. सासऱ्यांना ती थेट काही बोलणार नाही. ती मला म्हणते, ‘‘अहो, जरा सांगा ना नानांना,’’ आणि हे नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते. नाना मग एक भुरका गाळतात आणि पुढचा दुप्पट मारतात.

आवाजाची लाज आता जपानातही शिरलीय म्हणे. परदेशी पाहुण्यांना या आवाजाचा त्रास होतो अशी तिथे चर्चा झाली, तेव्हा आन्दोंच्याच निस्सिन कंपनीनं 2017 मध्ये एक काटा जाहीर केला. काट्यात आवाज टिपणारं यंत्र. आपण नूडल ओढली की तो मोबाईलला कळवणार आणि मोबाईल त्यावर दुसरा आवाज वाजवून भुरका झाकणार. किंमत चौदा हजार आठशे येन. पाच हजार लोकांनी मागणी नोंदवली तरच बनवू, अशी अट होती. ही बातमी मी हिला कळू दिलेली नाही. तिनं वाढदिवसाला नानांसाठी तोच मागवला असता.

तर नानांपुढे वाडगं आलं. मुलाची सूचना त्यांनी ऐकलीच नव्हती. वाफेनं चष्मा धुरकटला तसा तो काढून त्यांनी खिशात ठेवला. काटा बाजूला सारला. नोरीचा चौकोन उचलून, ‘‘हा कागद काढायचा राहिलाय,’’ म्हणून बशीत ठेवला. मग दोन्ही हातांनी वाडगं उचलून काठ ओठांना लावला आणि डोळे मिटले.

तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. आधी बारीक शिट्टी, मग ओढ्याला पाणी आल्यासारखा घोळ, आणि शेवटी ‘आह्!’. कोपऱ्यातल्या मुलींचे फोन वळले. काकूंचा काटा हवेत थांबला. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुदपाकखान्याचा निळा पडदा बाजूला झाला आणि आचारी बाहेर डोकावला. हाही दार्जिलिंगकडचाच, डोक्याला फडकं बांधलेला. तो हात जोडून कमरेत वाकला. नानांनी उजवा हात वर करून, पंगतीत वाढप्याला करतात तशी, ‘वा’ अशी खूण केली.

‘‘बघा,’’ दार्जिलिंगचा मुलगा सगळ्या हॉटेलला उद्देशून म्हणाला, ‘‘आजोबा बरोबर खातायत.’’

पुढचं सगळं भराभर झालं. सगळ्यात आधी काकूंनी प्रयत्न केला, त्यांना ठसका लागला. मग मुलींपैकी एकीनं. मग मी. माझ्या शर्टावर त्या रात्री जे डाग पडले ते मिसोचे आहेत आणि जात नाहीत. पण रश्शाला चव आहे हे मला त्या घोटाला कळलं. त्याआधी मी नुसती ऊब खात होतो. आई सोडून सगळं टेबल भुरकत होतं. आईनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की लाजत होती ते मला अजून कळलेलं नाही.

वाडग्यात नूडल्स उरल्या आणि रस्सा संपला तेव्हा नानांनी हाक मारली, ‘‘बाळ, जरा रस्सा आण.’’ मुलाचा चेहरा उतरला. जपानात, विशेषतः हाकाताकडे, हे उलटं असतं. नूडल्स संपतात, रस्सा उरतो, आणि गिऱ्हाईक ‘काएदामा’ म्हणून त्याच रश्शात नूडल्सची पुढची जुडी मागवतं, पैसे देऊन. तासन्‌तास आटवलेला रस्सा हेच त्यांचं भांडवल, तो कुणी फुकट वाढत नाही. पण नाना मिसळीवर वाढलेले. पाव मोजून, रस्सा मागेल तेवढा, यात आपल्याकडे हयगय झालेली खपत नाही. मुलगा आत गेला. थोडी कुजबुज झाली. मग आचारी स्वतः किटली घेऊन आला आणि नानांच्या वाडग्यात त्यानं काठोकाठ रस्सा ओतला. बिलात तो लावला नव्हता. एरवी त्या बिलात लावायचं राहिलं होतं असं काही मला दिसलं नाही. पाणीही मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री घरी कढी होती. नानांनी पहिला भुरका मारला. ही माझ्याकडे वळली. ती काही बोलायच्या आत नाना शांतपणे ‘‘जपान,’’ एवढंच म्हणाले आणि वाटी पुन्हा तोंडाला लावली. हा तोडगा आठवडाभर बिनबोभाट चालला. मग हिनं कन्येला विश्वासात घेतलं आणि कन्येनं क्लासच्या सेन्सेईंना विचारून खुलासा आणला, की जपानात रामेन ओढून झालं की पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईक आपलं वाडगं आपण उचलून वरच्या फळीवर ठेवतं आणि समोरचं लाकूड फडक्यानं पुसून मगच निघतं.

तेव्हापासून आमच्याकडे जेवणं झाली की ही ओट्यावरचं फडकं आणून टेबलाच्या मधोमध ठेवते आणि म्हणते, ‘‘जपान.’’ नानांचे गुडघे दुखतात. फडकं माझ्याकडे येतं.